प्रदूषण चाचणीत गाडी दरवेळी अडकते? पार्ट बदलण्याआधी पावतीवरचे आकडे वाचा

गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली की दोन सल्ले न मागता मिळतात. एक, 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, बदलून टाका.' दुसरा, 'टाकीत क्लीनरची बाटली ओता, होऊन जाईल.' पहिल्या सल्ल्यात धुरातले घातक वायू साफ करणारा हा डबा, म्हणजे गाडीतल्या सगळ्यात महागड्या पार्टांपैकी एक, बदलला जातो, आणि मूळ दोष तसाच राहिला असेल तर नवा कन्व्हर्टरही जुन्याच्याच वाटेने जातो. दुसऱ्या सल्ल्यात फार तर एक चाचणी निघते, पुढच्या वेळी पुन्हा तेच रडगाणं. कमी खर्चात आणि कायमचं काम व्हायला हवं असेल तर सुरुवात नापास झालेल्या पावतीपासूनच करायची. लोक ती वैतागून चुरगाळतात, पण अर्धं निदान त्या कागदावर आधीच झालेलं असतं.

पुढचं सगळं मुख्यतः इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. कार्ब्युरेटर, गॅसवर चालणाऱ्या गाड्या आणि डिझेलबद्दल नंतर थोडक्यात लिहिलंय.

आकडे काय बोलतात

सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हे अर्धवट जळलेलं पेट्रोल. हा आकडा टक्क्यांत येतो. एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, हे न जळता तसंच बाहेर पडलेलं पेट्रोल किंवा ऑइल. हा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती, असा येतो. काही मशीन कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि लॅम्डाही छापतात. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचा तोल. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे वजनाचं गणित बरोबर जुळलं की लॅम्डा १ येतो. त्याच्या खाली गेला तर मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त; वर गेला तर लीन, म्हणजे हवा जास्त. बऱ्याच चाचण्यांमध्ये ०.९७ ते १.०३ ही मर्यादा असते.

एकेका आकड्याकडे सुटं बघून फारसं कळत नाही, जोड्या बघायच्या.

सीओ जास्त आणि लॅम्डा १ च्या बराच खाली: इंजिन पेट्रोल जास्त पितंय. ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह), तापमानाचा सेन्सर, गळका इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर अशी संशयितांची यादी.

एचसी खूप जास्त, सीओ मात्र साधारण, आणि ऑक्सिजनही वर: एखादा सिलिंडर मिसिंग (मिसफायर) मारतोय. पेट्रोल जळलंच नाही, म्हणून सीओ तयार झाला नाही. पेट्रोलही बाहेर आलं आणि न वापरलेली हवाही बाहेर आली. आधी प्लग आणि त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल बघायची.

सीओ आणि एचसी दोन्ही मर्यादेच्या थोडे वर, पण लॅम्डा अगदी १ वर: कन्व्हर्टर खरोखर थकलेला असू शकतो. ही जोडी नीट समजून घ्या, इथेच पैसे वाचतात. लॅम्डाचा हिशोब सगळे वायू एकत्र धरून केलेला असतो. कन्व्हर्टर सीओला कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतो तेव्हा त्यासाठी ऑक्सिजनही खर्च करतो, त्यामुळे एकूण तोल तसाच राहतो. याचा अर्थ लॅम्डावरून इंजिनाची तब्येत कळते आणि उरलेल्या सीओ-एचसीवरून कन्व्हर्टरची. लॅम्डा चुकलेला असताना कुणी कन्व्हर्टर बदला म्हणत असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

ऑक्सिजन जास्त, लॅम्डा १ च्या वर, गाडी मात्र मिसिंगशिवाय छान चालतेय: सायलेन्सरच्या पाइपला कुठेतरी भोक किंवा सैल जोड असण्याची शक्यता दाट. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मशीन फसतं. ही गळती पुढच्या ओटू सेन्सरच्या आधी असेल तर आणखी एक गंमत होते. सेन्सरला वाटतं हवा जास्त आहे, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो आणि नसलेली समस्या खरीखुरी तयार होते. थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळांच्या) गॅस्केटपाशी 'टक-टक' आवाज येतोय का ऐका, जोडांवर काजळीचे काळे ओघळ दिसतात का बघा.

नायट्रोजन ऑक्साइड फक्त रोलरवर गाडी चालवून घेतलेल्या चाचणीत महत्त्वाचे ठरतात. ते वाढले तर सिलिंडरमध्ये उष्णता जास्त झालीय. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने जाम, मिक्स्चर लीन किंवा कूलिंग कमजोर, या तीन ठिकाणी शोधा.

स्कॅनर लावा, पण कोड वाचून लगेच पार्ट मागवू नका

ओबीडी सॉकेट, म्हणजे स्कॅनर जोडायची जागा, असलेल्या गाडीला ब्लूटूथवाला ईएलएम३२७ जातीचा अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप पुरतं. या सगळ्या उद्योगात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या.

कोड म्हणजे ईसीयूने नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक. पी०४२० हा कोड सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी, एवढंच तो सांगतो. ती कमी का झाली हे नाही. सोबत पी०३०० ते पी०३०४ असे मिसफायरचे कोड असतील तर आधी त्यांचं कारण दूर करायचं. पी०१७१ म्हणजे लीन, पी०१७२ म्हणजे रिच. पी०१२८ आला तर बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

कोडपेक्षा जास्त माहिती फ्युएल ट्रिममध्ये असते. ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, ते हा आकडा दाखवतो. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक. आता इंजिन गरम करून आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला बघा. आयडलिंगला अधिक १८ आणि रेस केल्यावर अधिक ४ असं दिसलं, तर इनटेकच्या बाजूने कुठूनतरी चोरटी हवा खेचली जातेय. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेतं, म्हणून तेवढीशी गळतीही मोठी ठरते. रेस केल्यावर त्याच गळतीचा वाटा नगण्य होतो. उलट रेसबरोबर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय. ट्रिम बराच उणे असेल तर कुठूनतरी जादा पेट्रोल येतंय: गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारा), किंवा जुन्या गाड्यांत प्रेशर रेग्युलेटरचा फाटलेला पडदा. शेवटचा प्रकार तपासायला खर्च शून्य. रेग्युलेटरवरची व्हॅक्यूमची बारीक नळी काढून हुंगायची. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर चोर सापडला.

कमी खर्चाची कामं, याच क्रमाने

ऑइल. जुनं ऑइल आणि प्रदूषण यांचा संबंध लोकांना पटकन पटत नाही. छोट्या-छोट्या फेऱ्यांनी इंजिन पुरेसं तापत नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. गरम झाल्यावर त्याची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनाच्या पोटातल्या वाफा बाहेर काढणाऱ्या) परत इनटेकमध्ये जाते आणि सीओ वाढवते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलूनच पुढे जा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं नको. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. बहुतेक जातींत खडखड वाजायला हवा. चिकटून गप्प बसला असेल तर बदला, स्वस्त असतो.

प्लग. चारही काढून क्रमाने ओळीत ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते विसरू नका. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तो सिलिंडर समाधानी आहे. कोरडी मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओली, चमकदार, बोटाला तेलकट लागणारी काळी म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक, टोकाला फोड आल्यासारखा असेल तर लीन किंवा फार तापलेला. चारही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत, म्हणजे सेन्सर, थर्मोस्टॅट, प्रेशर वगैरेंत. एकच वेगळा दिसला तर त्या एका सिलिंडरचा इंजेक्टर, कॉइल किंवा व्हॉल्व्ह. एवढी एक ओळ बघून निम्मे संशयित बाद होतात. प्लगची चिनी मातीची बाजूही निरखा; तिच्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर ठिणगी तिथून पळतेय. नवे प्लग मात्र गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचेच आणि त्याच गॅपचे घ्या.

कॉइलची शंका असेल तर नवी घेऊ नका. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, थोडी गाडी फिरवा. आधी पी०३०१ येत होता आणि आता पी०३०३ आला, तर कॉइलच दोषी. कोड हललाच नाही तर कॉइल निर्दोष. असंच प्लगचंही करता येतं.

चोरटी हवा. इनटेकचे रबरी पाइप हाताने वाकवून बघा. वरून धडधाकट दिसणारा पाइप नेमका क्लॅम्पच्या मागच्या घडीत चिरलेला असतो, आणि इंजिन हललं की ती चीर उघडते. ब्रेक बूस्टरची नळी, डिपस्टिकचा रबर रिंग, ऑइल भरायच्या झाकणाचं गॅस्केटही तपासा. क्लीनरचा स्प्रे मारून आयडलिंग बदलतंय का बघायची जुनी पद्धत चालते, पण गरम मॅनिफोल्डवर तो पेट घेतो. म्हणून थंड इंजिनावर, थोडा-थोडाच, आणि शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून. स्कॅनर लावलेला असेल तर शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे त्या क्षणाचा ट्रिम, झटकन खाली आलेला दिसतो, आवाजापेक्षा ते खात्रीचं.

एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी, एमएएफ. फिल्टर उजेडासमोर धरा. थ्रॉटलची कड कापडाने आणि क्लीनरने पुसा. एमएएफला फक्त त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा. आतली तार केसाहून नाजूक, कापड किंवा ब्रश लावला की संपली.

थर्मोस्टॅट. थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. तो बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. अशी गाडी रस्त्यावर ६५-७० अंशांवरच घोटाळत राहते, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. ॲव्हरेजही त्यातच जातो. स्कॅनरवर तापमान ८० च्या वर जाऊन स्थिर होतं का तेही बघा.

पुढचा ओटू सेन्सर. जुन्या नॅरोबँड (फक्त रिच की लीन एवढंच सांगणाऱ्या) सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर ०.१ आणि ०.९ च्या मध्ये सतत भराभर वर-खाली व्हायला हवा. सुस्तपणे सरकत असेल किंवा एका जागी चिकटला असेल तर बदलायच्या लायकीचा. त्याआधी एकदा थ्रॉटल झटकन दाबून मिक्स्चर रिच करा आणि व्होल्टेज उसळतो का पाहा. उसळला तर सेन्सर जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. मागचा सेन्सर, म्हणजे कन्व्हर्टरच्या नंतर बसवलेला, याच्या उलट. तो बऱ्यापैकी स्थिर राहायला हवा. तोही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर काम करत नाहीये. वापरलेला सेन्सर भंगारातून आणू नका. बाकी पार्ट जुने चालतील, हा नाही.

इंजेक्टर क्लीनरची बाटली या सगळ्यानंतर. पॉलीइथरअमाइन असलेलं क्लीनर इंजेक्टरवरचा थर खरोखर काढतं, पण टाकीभर पेट्रोल चालवून संपवल्यावर. चाचणीच्या सकाळी ओतून उपयोग नाही. थिनर किंवा भलतेसलते रसायनी उपाय टाकीत घालू नका. पंपाचे आणि होजचे रबर त्याने खराब होतात.

मग कन्व्हर्टर केव्हा बदलायचा

कन्व्हर्टर आपणहून क्वचित मरतो. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जाऊन पेटतं, आतली सिरॅमिकची जाळी तापून वितळते. ऑइल जळत असेल तर त्याची राख जाळीवर बसते आणि प्लॅटिनम-पॅलेडियमपर्यंत वायू पोचत नाही. हेड गॅस्केट गळत असेल तर कूलंट तेच करतो. यातलं कारण न शोधता नवा बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवा गालिचा अंथरणं.

थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खुळखुळ झाली तर जाळी फुटलीय. पिकअप एकदम मेलाय आणि जोरात रेस केली तरी गाडी गुदमरते, तर तो चोंदलाय. रस्त्यावरून आल्यावर खालून लालबुंद दिसला तर गाडी बंद करा, चालवू नका. मिसिंग चालू आहे आणि आग लागायचा धोका आहे.

सगळ्या तपासण्या होऊन लॅम्डा बरोबर, ट्रिम बरोबर, मिसिंग नाही आणि तरी सीओ-एचसी वर, अशी स्थिती आली तरच बदला. अगदी स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू कमी असतो. तो आजची चाचणी काढून देईल, पण पी०४२० लवकर परत येईल. मधल्या दर्जाचा घेणं मला बरं वाटतं. आतली जाळी काढून पोकळ करणं किंवा सेन्सरला स्पेसर लावून ईसीयूला फसवणं या वाटेला जाऊ नका. पहिल्यात वायू मोजले की पकडले जाता, दुसऱ्यात डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा विझतो आणि धूर तसाच राहतो. शिवाय दोन्ही बेकायदेशीर ठरतात.

चाचणीच्या दिवशी

दुरुस्ती झालेली असूनही केवळ थंड गाडीमुळे नापास होणारे बरेच असतात. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून जा. रांगेत आयडलिंगवर उभं राहिलात तर तो पुन्हा थंडावतो. नंबर यायच्या आधी दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा. एसी आणि दिवे बंद.

चाचणीत ओबीडी तपासत असतील तर आदल्या रात्री कोड पुसून जाऊ नका. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, शून्यावर येतात. बॅटरी काढली तरी तेच होतं. थंड सुरुवात, थोडं आयडलिंग, मग संथ एका वेगाने हमरस्ता, असं काही दिवस चालवल्यावर ते पुरे होतात, ॲपवर दिसतात. पेट्रोलच्या वाफांची तपासणी टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर सुरूच होत नाही, तेव्हा अर्ध्याच्या आसपास ठेवा. त्या वाफांचा कोड येत असेल तर आधी टाकीच्या झाकणाचा रबर बघा.

कार्ब्युरेटर, गॅस, डिझेल

कार्ब्युरेटरवाल्या गाडीत चोक अडकलेला आहे का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का हे बघून मग आयडलिंग मिक्स्चरचा स्क्रू गॅस ॲनालायझर लावून बसवून घ्या. कानाने जुळवलेलं मिक्स्चर बहुधा थोडं रिचच राहतं, कारण तसं इंजिन गुळगुळीत चालतं.

सीएनजी-एलपीजीवाल्यांनी प्लग आणि कॉइलकडे आधी बघावं. गॅस-हवेचं मिश्रण पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे पेट्रोलवर खपून जाणारा थकलेला प्लग गॅसवर मिसिंग मारतो. पेट्रोलवर पास आणि गॅसवर नापास होत असेल, आणि प्लग ठीक असतील, तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि किटचं ट्यूनिंग बघा.

डिझेलमध्ये वायू नाही, धुराची घनता बघतात. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, उघडा अडकलेला ईजीआर, मग इंजेक्टर. टर्बोच्या पाइपवर तेलकट डाग दिसला तर चीर तिथेच शोधा. शहरात सतत हळू चालवून सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी पहिल्या रेसला भसकन बाहेर येते, म्हणून आधी लांब फेरी माराच. चाचणीत इंजिन कमाल आरपीएमपर्यंत रेस करतात. टायमिंग बेल्टची मुदत टळलेली असेल तर आधी तो बदला, नाहीतर चाचणीच्या जागीच इंजिन जायचं.

तरीही एचसी उतरत नसेल

इंजिन ऑइल खातंय का बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळा धूर सोडून नंतर शांत होत असेल तर व्हॉल्व्ह सील. दाबून चालवताना मागे सतत निळा धूर असेल तर रिंग. सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात, कसबी मेकॅनिक हवा. रिंगचा संशय असेल तर आधी कंप्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं. सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असतील तर अजून आशा आहे. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. रिंगांचं काम निघालं तर तो खर्च आणि गाडीची किंमत कागदावर शेजारी-शेजारी मांडा, आणि तोवर कन्व्हर्टर, सेन्सर यांवर आणखी काहीही खर्च करू नका.